अंगण बुजवू नका



मे महिना उजाडला की आमच्या कोकणातली बंद घरं उघडू लागतात. चाकरमानी येतात, कुलपं निघतात, कौलं चाळली जातात, माळ्यावरची भांडी खाली येतात. आतलं आवरून झालं की मंडळी अंगणात येऊन उभी राहतात आणि म्हणतात, आता बाहेरचंही एकदा नीट करून टाकू. वाडवडिलांच्या घराकडे कुणी हौसेनं परत येतंय याचा मला मनापासून आनंद आहे. शेजारच्या बंद घरांच्या किल्ल्या माझ्याकडेच असतात, त्यामुळे वर्षभर मिटलेलं दार उघडलं की काय वाटतं ते मला ठाऊक आहे.

पण "नीट करून टाकू" असं म्हटल्यावर पहिला फोन जातो तो पेव्हर ब्लॉकवाल्याला. मृगाला थोडेच दिवस राहिलेले असतात, रजा संपत आलेली असते, कामाला माणूस मिळत नसतो. मग ट्रकभर ठोकळे येतात, खाली कोबा पडतो, चार दिवसांत अंगण या कडेपासून त्या कडेपर्यंत लाल-करडं होऊन जातं. बाजूला दोन कुंड्या. झालं काम.

रेडिओवर मला बारा मिनिटं दिली आहेत. त्यांतली बरीचशी मी एकाच गोष्टीसाठी वापरणार आहे. गुलाब कुठला आणावा, झोपाळा कुठे टांगावा हे सांगणारे पुष्कळ आहेत. मला सांगायचंय ते एवढंच, की जुन्या घराचं अंगण बुजवू नका.

माठाचं घ्या. माठातलं पाणी गार कशानं होतं? मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर पाझरतं, वाऱ्यावर उडून जातं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं. आता कुणी त्या माठाला बाहेरून चकचकीत ऑइलपेंट लावला, तर माठ सुरेख दिसेल, पाणी मात्र कोमट. काही दिवसांनी रंगाला फोड येतील, कारण आतला ओलावा बाहेर यायला वाट शोधतोच. आपलं जुनं घर असंच आहे. भिंती जांभ्याच्या, दर्जा मातीच्या नाहीतर चुन्याच्या, जोतं चिऱ्याचं आणि खाली माती. जांभा खाणीतून काढतात तेव्हा मऊ असतो, हवेवर कडक होतो, पण त्याची छिद्रं काही बुजत नाहीत. आषाढात तो ओलावा पितो आणि उघडीप मिळाली की सोडून देतो. जोत्याभोवतीचं अंगणही हेच करतं. घर आणि अंगण मिळून एकच माठ आहे, आणि आपण त्याच्या बुडाला रंग फासायला निघालो आहोत.

जरा हिशेब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी पडलं. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, कुठे त्याहून पुष्कळ जास्त. एक गुंठा अंगण म्हणजे साधारण शंभर चौरस मीटर. म्हणजे तेवढ्याशा अंगणावर चार महिन्यांत तीन लाख लिटर पाणी उतरतं. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर तीस टँकर. छपरावरून पागोळ्यांनी येतं ते वेगळंच. हे सगळं मातीत मुरतं असं मी म्हणत नाही. मुसळधार पावसात बरंच वाहून जातं. जे मुरतं तेही सगळं आपल्या विहिरीत थांबून राहत नाही, जांभ्यातून ते झिरपत खाली उतरतं. पण त्यातला वाटा मिळतो तो आपल्या माडाला, आपल्या रातांब्याला आणि उताराखालच्या शेजाऱ्याच्या विहिरीला. कोबा घातलात की तो वाटा थेट गटारात जातो, आणि एप्रिलमध्ये त्याच वाडीत टँकरची वाट बघत बसायचं.

कुणी म्हणेल, ब्लॉकच्या सांध्यांतून पाणी मुरतं की! मुरतं, जर खाली नुसती वाळू आणि खडी असेल, सांधे उघडे असतील तर. पण बघा तुमच्याकडे काय करतात ते. खाली सिमेंटचा थर, सांध्यांत कच दाबून भरलेली, कडेला सिमेंटची पट्टी, आणि उतार कुठे, तर बऱ्याचदा घराकडेच. कारण काम करणारा मे महिन्यात काम करून जातो, त्यानं त्या अंगणातला पाऊस पाहिलेला नसतो. आमच्या वाडीत एका घराला असं झालं. पहिल्याच पावसाळ्यात माजघराची भिंत कमरेपर्यंत ओली राहिली आणि दिवाळीला दाराच्या चौकटीत वाळवी सापडली. सागाची चौकट नव्हती, फणसाची होती, आजोबांच्या वेळची. पाण्याला खाली जाता आलं नाही म्हणून ते जोत्यात शिरलं, तिथून भिंतीत चढलं. मंडळींनी मग काय केलं? भिंतीला आतून सिमेंटचं प्लास्टर केलं. म्हणजे माठ बाहेरून रंगवला होता, आता आतूनही रंगवला.

मला कळतं, तुम्ही काय म्हणणार ते. अंगण सारवायला घरात आहे कोण? शेण आणायचं कुठून? पूर्वी पाऊस सरला की अंगण खणायचं, माती घालायची, पाणी मारून चोपण्यानं चोपायचं, मग सारवायचं, आणि झाप घालून मांडव उभा करायचा. त्या अंगणात सुपारी वाळायची, आमसुलं वाळायची, फणसपोळी आणि सांडगे वाळायचे. आज दोन म्हातारी माणसं घरात असतात, नाहीतर कुणीच नसतं. खरं आहे. म्हणून सगळं अंगण सारवा असं मी म्हणतच नाही. वृंदावनाभोवतीची चार हात जागा सारवा, उरलेल्या अंगणात पावसाळ्यात गवत येऊ द्या. श्रावणात ते कापा, दिवाळीला पुन्हा कापा. गवताची लाज वाटून घेऊ नका. मुद्दाम विकत आणून अंथरलेली हिरवळ मात्र नको, तिला मे महिन्यात प्यायला पाणी कुठून देणार?

चालायला वाट हवी, हेही खरं. चिखलातून म्हाताऱ्या माणसानं कसं जायचं? तर वाट करा, अंगण भरू नका. बेड्यापासून पायरीपर्यंत दोन माणसं शेजारी चालतील एवढी. चिरेच वापरा, ढासळलेल्या गडग्याचे जुने चिरे असतील तर उत्तमच. वाळूच्या किंवा मुरमाच्या थरावर ते बसवा, दोन चिऱ्यांत दोन बोटं जागा सोडा आणि तिच्यात माती भरा. सिमेंट नको. आपल्या पाखाड्या पिढ्यानपिढ्या अशाच टिकल्या आहेत. गाडी आत आणायची असेल तर दोन चाकांपुरत्या दोन पट्ट्या करा, मधे माती राहू दे. त्याच त्या जागी गाडी उभी राहून माती दगडासारखी घट्ट होते. वर्षातून एकदा ती टिकावानं सैल करा. माठ शेवाळला, त्याची छिद्रं बुजली, की आपण तो घासतो ना, तसंच.

घराच्या अगदी कडेला, जिथे पागोळ्या पडतात, तिथे हातभर रुंद चर खणा आणि नदीचे गोटे भरा. पागोळीचं पाणी गोट्यांवर पडलं की चिखलाचे शिंतोडे भिंतीवर उडत नाहीत. आणि त्या चराला, सगळ्या अंगणालाच, उतार घरापासून दूर हवा. दहा फुटांना दोन-तीन इंच पुरतो. गवंड्याला तोंडानं सांगून थांबू नका. बादलीभर पाणी जोत्याजवळ ओता आणि ते कुठे जातं ते स्वतः उभं राहून बघा.

शक्य असेल तर मी म्हणेन, या वर्षी काहीच करू नका. एक पाऊस जाऊ द्या. गणपतीला याल तेव्हा छत्री घेऊन अंगणात उभे राहा आणि पाणी कुठून येतं, कुठे साचतं, गडग्याच्या कुठल्या फटीतून बाहेर पडतं ते पाहून ठेवा. काम पुढच्या माघात काढा.

गडग्यावरून आठवलं. अंगण आवरायचं म्हटलं की दुसरा घाव त्याच्यावर पडतो. चिऱ्यांचा, बिनचुन्याचा, बिनसिमेंटचा रचलेला गडगा जुनाट दिसतो म्हणून काढतात आणि सरळ पक्की भिंत बांधतात. गडग्याच्या फटींतून पावसाचं पाणी जातं. पक्क्या भिंतीला ते अडतं, साचतं, आणि भिंतीलाच रेटा देतं. भिंत बांधायचीच असेल तर तळाशी पाणी जायला भोकं ठेवा, पुरेशी ठेवा. पण आधी ढासळलेला गडगा पुन्हा रचून देणारा कुणी गावात आहे का ते विचारा. असतो, आणि त्याला काम हवं असतं.

झाडांबद्दल थोडंच बोलते. नवीन आणण्याआधी, आहे ते ओळखा. बंद घराच्या परसात अबोली, कोरांटी, अनंत, सोनटक्का, गुलबक्षी ही मंडळी रानात हरवल्यासारखी दिसतात, पण असतात. सोनटक्का तर उन्हाळ्यात सुकलेला दिसतो आणि पावसात कंदातून पुन्हा उभा राहतो. मे महिन्यात साफसफाई करणारा माणूस त्याला वाळकं तण समजून खणून टाकतो. म्हणून मघाशी म्हटलं, एक पाऊस जाऊ द्या. आजीनं लावलेलं काय आहे ते कळेल.

झाडांच्या बुंध्याशी सिमेंट आणू नका, हे तर पुन्हा पुन्हा सांगते. 2013 साली राष्ट्रीय हरित लवादानं दिल्लीत आदेश दिला की झाडांभोवतीचं काँक्रीट एक मीटरपर्यंत काढून टाका. राजधानीत फुटपाथ फोडून झाडं मोकळी करायला सांगावं लागलं, आणि आपण गावात मोकळी असलेली झाडं आपल्या हातानं कोंडतो आहोत. आंब्याभोवती गोल चौथरा बांधून वर टाइल्स बसवतात, बसायला छान म्हणून. बसा ना, पण चौथऱ्यात माती आणून भरू नका, बुंधा पुरला जातो आणि कुजतो. माडाची बहुतेक मुळं बुंध्यापासून दोन मीटरांच्या आतच असतात. तेवढं आळं मोकळं ठेवा, अंगणातला पालापाचोळा त्यात घाला. पाचोळा पेटवू नका. भिंतीलगतही त्याचे ढीग नकोत, तिथे वाळवीला आमंत्रण मिळतं.

न्हाणीचं पाणी. पूर्वी ते केळीला आणि अळवाला जायचं, आता पाइपानं रस्त्यावर सोडतात. केळ लावा, कर्दळ लावा. कर्दळ असं पाणी पिऊन वाढते आणि फुलतेही सुंदर. कपडे धुतलेलं पावडरचं पाणी मात्र कमीत कमी जाऊ द्या, आणि ज्या अळवाची भाजी करायची त्याला तर नकोच.

वृंदावनाचं सांगायलाच हवं. जुनं चिऱ्याचं नाहीतर मातीचं वृंदावन काढून त्याला चारी बाजूंनी न्हाणीघरातल्या टाइल्स लावतात. पाणी जायला तळाला वाट ठेवत नाहीत. मग श्रावणात तुळस कुजते आणि घरातली बाई मनात धसका घेते, काय वाईट होणार म्हणून. काही वाईट होणार नसतं. मुळं पाण्यात बुडालेली असतात. तळाला भोक पाडा, थोडी खडी घाला, माती बदला. कार्तिकात लग्न लावायला तुळस हिरवीगार असेल.

मला समोरून खूण झाली आहे, दोनच मिनिटं आहेत. तरी एकदा पुन्हा सांगते, कारण मधेच कुणी रेडिओ लावला असेल. अंगणावर कोबा घालू नका. घातला असेल तर निदान जोत्यालगतची हातभर पट्टी आणि झाडांची आळी फोडून मोकळी करा. सगळं एकदम फोडायला नको, खर्चही आहे. या वर्षी जोत्याची पट्टी, पुढच्या वर्षी माड. आणि मुलांना विचारा, भर दुपारी त्या ठोकळ्यांवर अनवाणी उभं राहवतं का. पावसात त्यांवर शेवाळ धरतं ते वेगळं. ज्या म्हाताऱ्या माणसांसाठी म्हणून आपण ते घातले, तीच त्यावरून घसरतात.

आता विहीर. विहिरीबद्दल मला पुष्कळ बोलायचं होतं. बाहेरचं आवरताना विहिरीवर स्लॅब टाकून वर बसायला कट्टा करण्याची पद्धत निघाली आहे, ती फार चुकीची आहे. पोरंबाळं पडतील ही भीती खरी, म्हणून कठडा उंच करा, वर लोखंडी जाळी बसवा, पण उजेड आणि वारा आत जाऊ द्या. छपराचं पाणी विहिरीत सोडायचं असेल तर पहिल्या पावसाचं सोडू नका, कौलांवरची घाण त्यात असते, आणि नंतरचंही गाळणीतून सोडा. ती गाळणी घरच्या घरी कशी करायची, कुठले थर आणि किती जाड, ते आता सांगता येणार नाही, वेळ संपली. पुढे कधी बोलावलंत तर तिथूनच सुरुवात करीन.