हाताचे काम आणि शाळेचा शनिवार



शिक्षणावर बोलण्याचा अधिकार ज्यांना पदवीने मिळतो, त्यांत आम्ही नाही. आमचे वाचन झाले ते कामगार संघाच्या कचेरीत, रात्री मंडळी घरी गेल्यावर. पण जिनिंगमधले मजूर, बाजार समितीतले हमाल व मापाडी यांच्यात आमचे आयुष्य गेले, आणि आजचा विषय हाताच्या कामाचा आहे. तेव्हा दोन शब्द सांगण्याचे धाडस करतो.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ या दोन दिवशी वर्ध्यास शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष महात्मा गांधी. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून, आणि त्याचा मध्यबिंदू एखादा उत्पादक हस्तोद्योग, असा तिचा आशय होता. पुढे डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने जो अभ्यासक्रम आखला, त्यात साडेपाच तासांच्या शाळेपैकी तीन तास वीस मिनिटे मूलोद्योगाला होती. यालाच पुढे नई तालीम म्हणू लागले. सेवाग्रामची आनंद निकेतन शाळा मध्यंतरी बंद पडली होती, ती २००५ साली पुन्हा सुरू झाली. तिथली मुले शेती, स्वयंपाक आणि कताई यांतून शिकतात.

बाकीच्या शाळांना मात्र आता एवढा वेळ हाताला देता येत नाही. २०२०च्या राष्ट्रीय धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात मुलांना दहा दिवस दप्तराविना शाळा सुचवली. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम काढला. रोजच्या तीन तास वीस मिनिटांचा आठवड्यातून एक दिवस झाला, असे कोणी म्हणेल. आम्ही त्या हिशेबात शिरत नाही. जो दिवस मिळाला आहे, त्यात मुलाच्या पदरी काय पडते, एवढेच पाहू.

वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत शिकणारी एक मुलगी आमच्या माहितीत आहे. बाप हमाल, आई हंगामात कापूस वेचायला जाते. एका शनिवारी गुरुजींनी मुलांना मूठमूठ कापूस आणायला सांगितला. गटाचा मिळून तीनशे ग्रॅम भरला. तोलण्याआधी रिकामा काटा शून्यावर आहे की नाही हे पाहायचे, हा त्या दिवसाचा पहिला धडा. मग मुले सरकी काढायला बसली. नखे दुखली, सकाळ सरली. शेवटी रुई भरली शंभर ग्रॅमच्या जराशी वर, आणि उरली ती सरकी. अपूर्णांकातला ‘एक तृतीयांश’ त्या पोरांनी असा बोटांनी मोजला. टकळीवर सूत धरले तर ते सारखे तुटे. मुलीने संध्याकाळी घरी येऊन बापाला विचारले, “बाबा, तुमच्या काट्याचा शून्य पाह्यला का आधी?” ज्या प्रश्नासाठी आम्ही बाजारात वर्षानुवर्षे भांडलो, तो नऊ वर्षांच्या पोरीने चुलीपुढे बसून विचारला!

पुढच्या शनिवारी ती गुरुजींना म्हणाली, “माझ्या आईला वेचणीचे किलोमागे पैसे मिळतात. मग एका शर्टात आईचे किती?” हिशेबाच्या सोयीसाठी दर दहा रुपये धरला. तीनशे ग्रॅम कापसाचे आईला तीन रुपये, आणि त्यातून निघाली शंभर ग्रॅम रुई. शर्टाची किंमत तर शेकड्यांत! मधले पैसे कुठे गेले? गुरुजींनी प्रश्न टाळला नाही. शेतकऱ्याचा खर्च, गाडीभाडे, जिनिंग, गाठी बांधणे, सूत, विणकाम, रंग, शिलाई, दुकानाचे भाडे अशी सारी वाट फळ्यावर काढली. सरकीचे तेल निघते, ढेप गुरांना जाते, हे मुलांनीच सांगितले. नई तालीमवाले ज्याला समवाय म्हणत, म्हणजे कामाशी विषय जोडणे, ते यापेक्षा निराळे काय असणार?

आता दुसरी बाजू. आमच्या वस्तीतले आईबाप विचारतात, “काम करायला घरी काय कमी आहे? पोराला शाळेत पाठवतो ते दोन अक्षरे शिकावी म्हणून.” हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. ज्यांच्या पिढ्यान्पिढ्या जातीच्या धंद्याला बांधल्या गेल्या, त्यांना शाळेतला झाडू आणि शाळेतले कुदळफावडे पाहून भीती वाटणे साहजिक आहे. १९३७च्या परिषदेतही प्रा. के. टी. शाह यांनी मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च काढण्यास हरकत घेतली होती. असा माल कारागिरांशी स्पर्धा करील, हे त्यांचे म्हणणे. खुद्द झाकीर हुसेन समितीनेही बजावले होते की, उत्पन्नाच्या नादात शिक्षण मागे पडता कामा नये. श्रमाची थोरवी गाऊन श्रमिकाचे पोर पुन्हा श्रमालाच जुंपणे, ही युक्ती आम्ही ओळखतो.

म्हणून शनिवारच्या कामाला आमच्या तीन कसोट्या आहेत. पहिली, काम सर्वांना सारखे. परसबागेत मुलगे आणि भाकरी थापायला मुली, अशी वाटणी नको. आणि पाटलाच्या पोराच्या हातीही केरसुणी यावी. दुसरी, मोजमाप मुलाच्या हाती असावे. वाफ्यात किती बी पेरले, किती उगवले, माठाची भाजी किती निघाली, हे त्याने स्वतः वहीत लिहावे. तिसरी, मुलाने ‘का?’ म्हटले की काम थांबवून उत्तर द्यावे. मजुराला मालक कामाचे कारण सांगत नाही. शाळेने सांगितलेच पाहिजे. या तीन गोष्टी नसतील, तर शनिवार एक तर नुसती करमणूक होईल, नाही तर फुकटची मजुरी.

आणि एक गोष्ट आग्रहाने सांगतो. वाचन आणि गणित यांच्या बदल्यात आम्हांला हस्तोद्योग नको. त्या मुलीला तीन रुपयांचा प्रश्न सुचला तो हाताने सरकी काढली म्हणून, आणि सुटला तो भागाकार येत होता म्हणून. दोन्ही हवे, आणि शहरातल्या महागड्या शाळेतल्या मुलांनाही हवे; कापूस कुठून येतो हे त्यांनाही कळले पाहिजे.

श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळांची मुले-नातवंडे प्राथमिक शाळेत असतील. ती शनिवारी घरी आली की, आज मजा आली का, एवढेच विचारून सोडू नका. काय मोजले, काय चुकले, गुरुजींना काय विचारले, ते विचारा. शाळेत शिक्षक पुरेसे आहेत का, काटा-मापे आहेत का, हेही एकदा जाऊन पाहा; नसतील तर शाळा व्यवस्थापन समितीत ती मागणी मांडा. मागितल्याशिवाय काही मिळत नाही, हे आम्ही संघटनेच्या कामात शिकलो.