खिडकीच्या आतल्या बाजूने

(स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



"रेल्वेत होतास, तर त्यावरच बोल," असा संयोजकांचा हुकूम आहे. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मला सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्नही एकच : "गणपतीला कोकणचं तिकीट मिळेल का रे?" ते मिळवून देणं माझ्या हातात नव्हतं, आणि नव्हतं तेच बरं. का, ते सांगतो.

मी १९८४ साली आरक्षणाच्या खिडकीवर बसलो. तेव्हा गाडीगाडीची, तारखेतारखेची रजिस्टरं असत. ज्या खिडकीवर रजिस्टर, तिथेच त्या गाडीचं आरक्षण. तासभर उभं राहून माणूस पुढे यायचा आणि गाडी शेजारच्या खिडकीची निघायची, की पुन्हा रांग! परतीचं आरक्षण हवं असेल तर तिकडच्या स्टेशनला तार जायची आणि उत्तर येईपर्यंत जीव टांगणीला. रजिस्टर एका माणसाच्या हातात, त्यामुळे "साहेब, बघा ना काही जमतंय का" याला वाव होता. वेटिंगमध्ये आपल्या पुढे कोण, हे रांगेतल्या माणसाला कळायला मार्ग नव्हता.

विमानांसाठी अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएम यांनी १९६० च्या दशकातच 'सेबर' ही संगणकीय यंत्रणा उभी केली होती. आपल्या रेल्वेने १९८५ मध्ये दिल्लीत सुरुवात केली. पुढे मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद अशी केंद्रं झाली आणि १९९९ पर्यंत ती एकमेकांना जोडली गेली.

फरक काय पडला? सगळ्या खिडक्यांसमोर एकच रजिस्टर आलं. बोरिवली आणि घाटकोपरहून एकाच क्षणी शेवटचा बर्थ मागितला, तर एकाची नोंद पुरी होईपर्यंत यंत्रणा दुसऱ्याला थांबवते. एक बर्थ दोघांना जात नाही. हातात दहा आकडी पीएनआर आला, की आपला नंबर किती सरकला हे कोणाचीही मनधरणी न करता कळतं. लोक म्हणतात संगणकाने वेळ वाचवला. मी म्हणतो, ओळखीची गरज कमी केली.

२००२ मध्ये आयआरसीटीसीची इंटरनेट विक्री सुरू झाली. तिकीट तेव्हा कुरिअरने घरी यायचं! आज ते मोबाइलवर आहे. पण त्यामुळे रांग संपली असं समजू नका, ती फक्त दिसेनाशी झाली. साठ दिवस आधी सकाळी आठला आरक्षण उघडतं. तत्काळ एसीसाठी दहाला, स्लीपरसाठी अकराला. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधार जोडलेलं खातं लागतं. ज्याच्याकडे चांगला फोन, वेगवान नेट आणि सरावलेलं बोट, तो पुढे. आपल्या सोसायटीचा वॉचमन, घरकामाच्या मावशी, एकटे राहणारे आजी-आजोबा मागे. ओळखीची जागा आता सरावाने घेतली आहे.

म्हणून एक विनंती. आपण बहुतेक आता निवृत्त आहोत. प्रत्येकाने आपल्या इमारतीतल्या एका माणसाचं खातं उघडून द्यावं, आधार जोडून द्यावं, एकदा शेजारी बसून तिकीट काढायला शिकवावं. पैसे मात्र घेऊ नका. स्वतःच्या खात्यावरून तिकिटं काढून विकणं हा गुन्हा आहे.

आणि आपल्यासाठी एक कानगोष्ट. ज्येष्ठांच्या लोअर बर्थच्या कोट्यासाठी तिकीट एकाचं किंवा दोघांचंच काढा. त्यात लेक-जावई जोडलेत, की यंत्रणा तो कोटा धरत नाही. तेव्हा त्यांचं वेगळं काढा!

बाईंनी घंटेकडे पाहिलं, म्हणजे माझी वेळ संपली. नमस्कार.