युद्धाचा आवाज, युद्धाला विरोध

१९३० साली बर्लिनमध्ये ‘वेस्टफ्रंट १९१८’ झळकला. दिग्दर्शक जी. डब्ल्यू. पाब्स्ट यांचा हा पहिलाच बोलपट. पहिल्या महायुद्धाच्या आघाडीवरच्या चार जर्मन सैनिकांची ही कथा. अंगावर येतो तो आवाज: कोसळणारे तोफगोळे, जखमींचं विव्हळणं. मूकपटांच्या आवाक्यात हे नव्हतंच. अखेरीस ‘समाप्त’ या शब्दापुढे पाब्स्टनी प्रश्नचिन्ह ठेवलं; केवढी ही धिटाई!

१९३३मध्ये नाझींनी चित्रपटावर बंदी घातली.

पडद्यावरचा युद्धविरोध असा दडपला गेला; पुढं दुसरं महायुद्ध पेटलं. तेव्हा भारतात युद्धाला जाहीर नकार उमटला तो वर्धा जिल्ह्यातल्या पवनारमधून. १७ ऑक्टोबर १९४० रोजी गांधीजींनी निवडलेले पहिले वैयक्तिक सत्याग्रही विनोबा भावे यांनी तिथं युद्धविरोधी भाषण केलं. चारच दिवसांत त्यांना अटक झाली.