विंगेत बसून मिळालेला आनंद

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘नाटकाने मला काय दिले’ यावर चार शब्द बोला, असे कार्यवाहबाईंनी सांगितले तेव्हा मी नाहीच म्हणत होते. मंडळाच्या इतक्या नाटकांत जिने रंगमंचावर एकही वाक्य म्हटले नाही, तिने काय बोलावे? पण त्या म्हणाल्या, “म्हणूनच तुम्ही बोला. टाळ्या घेतलेल्या बायका नेहमीच बोलतात.” हे मात्र मला पटले.

आपल्या मंडळाची पहिली एकांकिका झाली ती १९९४ साली. आपल्यातल्याच एका भगिनीने लिहिलेली, सासूसुनेची. त्यातली सून मला मिळावी अशी माझी फार इच्छा होती. भाकऱ्या थापता थापता मी तिची वाक्ये पाठही करून टाकली होती. भूमिका वाटल्या त्या दिवशी सून दुसरीकडे गेली आणि माझ्या हाती वही आली. “तुमचे उच्चार स्वच्छ आहेत, तुम्ही प्रॉम्प्टिंग करा.” मी हसून ‘बरं’ म्हटले, घरी आले आणि घासलेली भांडी पुन्हा घासली. दोन दिवस डोके दुखते म्हणून तालमीला गेले नाही. डोके दुखत नव्हते हे आज कबूल करायला हरकत नाही.

तिसऱ्या दिवशी आमच्या आळीतल्या काकू दारात उभ्या. सासूचे काम त्यांच्याकडे होते. वय बासष्ट, शिक्षण चौथीपर्यंत, आणि चारचौघांत तोंड उघडायची सवय नाही. म्हणाल्या, “अगं, मला वाक्यं पाठ होत नाहीत. तू नसलीस तर मी उभी राहायची नाही.” मी गेले ती नाटकासाठी नव्हे, काकूंसाठी.

आपल्या तालमी कशा होत, हे नव्या भगिनींना सांगायला हवे. शिवणवर्गाची यंत्रे भिंतीला सरकवायची आणि मधल्या जागेत उभे राहायचे. वेळ दुपारी अडीच ते साडेचार; कारण त्याआधी घरची जेवणे आणि त्यानंतर मुले शाळेतून येणार, नळाला पाणी येणार. कुणी तान्हे मूल घेऊन येई, कुणी निवडायचे तांदूळ. पंधरा दिवसांत मला सगळ्यांची सगळी वाक्ये पाठ झाली. एवढेच नव्हे, कोण कुठे अडखळते, कोण कुठे घाई करते हेही कळू लागले. ज्या शेजारणी दहा वर्षे नुसत्या ‘काय, झाली का भाजी?’ एवढ्याच माहीत होत्या, त्यांच्या आवाजातले चढउतार मी ओळखू लागले.

मग प्रयोगाचा दिवस आला. तिसरी घंटा झाली, पडदा उघडला. शेवटच्या प्रवेशात सून घर सोडून निघते आणि सासू तिच्याकडे क्षणभर बघून म्हणते, “जेवून जा.” तालमीत काकू हे वाक्य घाईघाईने म्हणून मोकळ्या होत. त्या दिवशी मात्र त्या गप्प उभ्या राहिल्या. एक क्षण झाला, दोन झाले. मला वाटले, विसरल्या! मी विंगेतून “जेवून जा” असे सांगितले ते इतक्या मोठ्याने, की तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेले. सभागृहात हशा पिकला. मला धरणी दुभंगावी असे झाले. काकू मात्र हलल्या नाहीत. हशा विरेपर्यंत त्या सुनेकडे बघत राहिल्या आणि मग हळूच तेच वाक्य म्हणाल्या. त्यानंतर कुणी हसले नाही. माझ्या शेजारी चहाची किटली घेऊन उभी असलेली मुलगी डोळे पुसत होती.

रंगपटात मी काकूंचे पाय धरायला गेले. त्या म्हणाल्या, “मी विसरले नव्हते गं. माझी सून वेगळं बिऱ्हाड करायला निघाली, ती डोळ्यांपुढे आली. त्या वेळी मी तिला थांब म्हटलं नव्हतं.” आणि थोड्या वेळाने, “पुढच्या खेपेला वहीकडे नको, माझ्याकडे बघ.”

भगिनींनो, चौथी शिकलेल्या त्या बाईने मला माझे काम एका वाक्यात शिकवले. विसरलेल्या बाईची नजर आधी भिरभिरते, मग विंगेकडे येते. हात पदर चाचपू लागतो. जी मुद्दाम थांबलेली असते, तिची नजर समोरच्या पात्रावरून ढळत नाही. पहिलीला वाक्याचा नुसता पहिला शब्द द्यावा, बाकीचे तिचे तिला आठवते. दुसरीला काहीही देऊ नये. घरीदारीसुद्धा हा भेद कळावा लागतो. माणूस गप्प बसले की आपण लगेच शब्द पुरवायला धावतो. ते थांबले आहे की अडले आहे, हे कोण बघतो?

रंगभूमीवर बाईच्या तोंडी शब्द यायलाच किती काळ गेला पाहा. विष्णुदास भावे यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले ते १८४३ साली. पुढे कितीतरी वर्षे बहुतेक मंडळ्यांत स्त्रीपार्ट पुरुषच करीत. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आले, त्यात ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्माबाई वर्तक यांनी कामे केली, तेव्हा ती मोठी गोष्ट ठरली. त्याच्याही आधी, १९२८ साली, गिरिजाबाई केळकर नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या होत्या. खाडिलकरांच्या ‘बायकांचे बंड’ला ‘पुरुषांचे बंड’ लिहून उत्तर देणाऱ्या या गिरिजाबाईंनीच जळगावला भगिनी मंडळ स्थापन केले. म्हणजे मंडळ आणि नाटक यांचे नाते आपण नव्याने जोडलेले नाही.

पुढे २००३ साली आपण अत्र्यांच्या ‘साष्टांग नमस्कार’मधले काही प्रवेश केले, ते पुष्कळांना आठवत असतील. पूर्वी पुरुष लुगडी नेसत, आपल्या भगिनींनी मिशा लावल्या! त्यातली एक मिशी ऐन रंगात आलेली असताना सुटली आणि जिची सुटली ती सारे विसरली. मी तिच्याकडे बघितले. नजर विंगेकडे आली, हात ओठाशी गेला. मी एकच शब्द दिला. तिने तो उचलला, मिशी बोटाने दाबून धरली आणि प्रवेश पार पाडला. प्रेक्षकांना वाटले, मिशी धरणे नाटकातलेच आहे! काय झाले ते तिला आणि मलाच ठाऊक. टाळ्या तिला मिळाल्या. त्या टाळ्यांत विंगेतल्या काळोखात मला जो आनंद झाला, तो मला सुनेच्या भूमिकेत झाला असता का, याची शंकाच आहे.

आता थोडे कडू बोलते. यंदा नाटक नको, बाहेरचा वाद्यवृंद बोलवावा, अशी सूचना आली आहे. तरुण मुली नोकऱ्या करतात, त्यांना दुपारचा वेळ नाही, हे खरे. मग तालमी रविवारी ठेवू, रात्री ठेवू. पण वाद्यवृंद आला तर आपण सगळ्या खुर्च्यांवर बसू. नाटकात पाठ करणारी लागते, तशी पडदा ओढणारी, मिशी चिकटवणारी, किटली आणणारीही लागते. ज्या बाईला कुणी कधी ‘तू नसलीस तर मी उभी राहायची नाही’ असे म्हटलेले नसते, तिला ते नाटकात ऐकायला मिळते. मला मिळाले.

काकू आज आपल्यात नाहीत. माझ्या डोळ्यांना आता विंगेतल्या बारक्या दिव्यात अक्षरे लागत नाहीत, तेव्हा वही दुसरीच्या हाती द्यायची आहे. जिला भूमिका मिळाली नाही म्हणून राग आला असेल, तिनेच आधी यावे. तिला मी सारे शिकवीन.