माझी नवी पाटी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी "इंटरनेटचा रोजच्या शिकण्यासाठी उपयोग" असा भारदस्त विषय माझ्या पदरात टाकला, तेव्हा मी म्हटले, "अहो, मी जुनी अकरावी झालेली बाई. एखाद्या इंजिनिअर सुनेला उभी करा." त्यावर त्या म्हणाल्या, "सून बोलली तर ते बायकांना कठीण वाटेल. तुम्ही बोललात तर सोपे वाटेल." यात माझी स्तुती होती की निंदा, याचा उलगडा अजून झालेला नाही. असो.

माझी गुरू म्हणजे माझी नात. फोनला तोंडाने मराठीत प्रश्न विचारता येतो, हे तिने दाखविले आणि माझ्या हाती जणू नवी पाटी आली. पहिले काही दिवस अगदी पोरकट प्रश्न विचारले. थंडीत इडलीचे पीठ का फुगत नाही? (पीठ फुगविणारे सूक्ष्म जीव गारठ्यात मंदावतात, म्हणून.) सासऱ्यांच्या जुन्या वहीत 'तसलमात' असा शब्द वारंवार येई, तो म्हणजे काय? (मागाहून हिशेब द्यायच्या बोलीवर उचललेली आगाऊ रक्कम.) मोल्सवर्थसाहेबांचा 1857 सालचा जाडजूड कोश शिकागोच्या विद्यापीठाने इंटरनेटवर ठेवला आहे. मराठी विश्वकोशाचे खंडही तेथे फुकट वाचता येतात. त्यांतला पहिला खंड 1976 साली निघाला, तेव्हा तो विकत घेण्याची आमच्या घराची ऐपत नव्हती. पाककृतींविषयी मी बोलत नाही. पुरणाला चटका किती द्यावा, हे मला कोणी फोनवरून शिकवू नये!

पण ज्या गोष्टीसाठी मी आज उभी राहिले, ती वेगळीच आहे.

माझे माहेर सातारा जिल्ह्यातले. वडील 1998 साली गेले. मागे चार एकर जमीन, दोन भाऊ आणि आम्ही दोघी बहिणी. जमिनीविषयी आम्ही कधी विचारले नाही, आणि कोणी सांगितलेही नाही. दिवाळीला भाऊबीज आणि चैत्रात ज्वारीचे पोते यायचे, तेवढ्यावर आमचे समाधान होते. गेल्या वर्षी एका दुपारी नातीने सहज विचारले, "आजी, तुझ्या गावाचा सातबारा बघायचा का?" 'महाभूलेख' या सरकारी पानावर विभाग निवडायचा, मग जिल्हा, तालुका, गाव, मग गट नंबर किंवा खातेदाराचे नाव घालायचे. शेवटी काही वाकडीतिकडी अक्षरे ओळखून टंकायची असतात. ती मला तीन वेळा चुकली. चौथ्यांदा वडिलांचे शेत समोर आले.

प्रथम तर मला ते वाचताच येईना. मग एकेक शब्द विचारीत गेले. सात म्हणजे गावनमुना सात, यात जमीन कोणाची ते लिहितात. बारा म्हणजे गावनमुना बारा, यात पीक कोणते ते. 1 हेक्टर 62 आर म्हणजे आपले चार एकर. नावाशेजारचा आकडा फेरफाराचा, म्हणजे ते नाव कोणत्या नोंदीने चढले त्याचा. भोगवटादाराच्या जागी दोघा भावांची नावे होती. आम्हा बहिणींची नावे खाली 'इतर अधिकार' या सदरात, सोसायटीच्या कर्जाच्या बोजाशेजारी होती.

भगिनींनो, मी त्या सदराकडे बराच वेळ पाहत बसले. रडू आले नाही. राग आला, आणि तो भावांपेक्षा माझाच अधिक आला. हा कागद सत्तावीस वर्षे तेथे होता. मी वाचला नव्हता.

पुढचे पंधरा दिवस मी जशी अभ्यासाला बसले, तशी अकरावीलाही बसले नव्हते. येथे एक फजिती सांगते, कारण ती तुमच्याही वाट्याला येईल. एका चित्रफितीत एक गृहस्थ ठासून सांगत होते की वडील 2005 पूर्वी वारले असतील तर वडिलोपार्जित जमिनीत मुलीला हक्कच नाही. मी हताश होऊन दोन दिवस फोनला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी नातीने त्या चित्रफितीची तारीख दाखविली. ती 2018 सालची होती! 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आहे की मुलीचा हा हक्क जन्मानेच येतो. 9 सप्टेंबर 2005 रोजी वडील हयात असण्याची अट नाही. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर वाटप झाले असेल, तर ते मोडत नाही. आमच्याकडे वाटप झालेलेच नव्हते. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक माहितीपुढे दोन रकाने असतात: सांगितले कोणी, आणि केव्हा. अर्थात वही घेऊन मी वकीलबाईंकडेही गेले. त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती केली, बाकीचे बरोबर आहे म्हणाल्या. तो शेरा मला परीक्षेतल्या पहिल्या वर्गासारखा वाटला.

पडद्यावर फुकट दिसणारा उतारा केवळ माहितीसाठी असतो. कचेरीत डिजिटल सहीचा लागतो. तो पंधरा रुपयांत मिळाला. तो घेऊन मी माहेरी गेले. थोरला दादा कागद पाहून म्हणाला, "आता या वयात तुला जमीन हवी?" मी म्हटले, "जमिनीचे मागाहून बघू, दादा. आधी माझे नाव बोज्याच्या शेजारून उचल." वहिनी आत निघून गेल्या. ते जेवण कसे झाले, ते विचारू नका.

अर्ज दिला आहे, दादाने हरकत घेतली आहे, सुनावणी व्हायची आहे. यंदा भाऊबीजेला त्याचा फोन आला नाही. धाकट्याचा आला, आणि तो हळूच विचारीत होता की सातबारा कसा काढतात. फेरफाराची नोटीस 'आपली चावडी' या पानावर घरबसल्या दिसते, म्हणून सकाळचा चहा झाला की मी ते पान उघडते. पूर्वी त्या वेळी मी पेपरातले राशिभविष्य वाचीत असे.

चिटणीसबाईंच्या परवानगीने दर बुधवारी दुपारी तीन वाजता मंडळाच्या खोलीत आम्ही बसणार आहोत. येताना गावाचे नाव आणि गट नंबर लिहून आणावा. गट नंबर ठाऊक नसेल तर वडिलांचे पूर्ण नाव चालेल. आणि चष्मा विसरू नये. ती वाकडी अक्षरे फार बारीक असतात.