शिळोप्याच्या गप्पांचे मोल

(टिळकवाडी, बेळगाव येथे वाचक व ग्रंथालय-कार्यकर्ते यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून ग्रंथांविषयी बोलावे असा शिष्टसंमत रिवाज आहे. मी आज गप्पांविषयी बोलणार आहे. जेवणे आटोपल्यावर ओटीवर, सकाळी फिरून परतताना बाकावर, किंवा आपल्या या टिळकवाडीत रेल्वेचे गेट बंद झाले म्हणजे ताटकळलेल्या माणसांच्या घोळक्यात ज्या गप्पा होतात, त्या माझ्या व्याख्यानाचा विषय आहेत. मराठीत त्यांना ‘शिळोप्याच्या गप्पा’ असे नाव आहे. शिळोपा म्हणजे कामातून सवड मिळालेला निवांत वेळ. या वेळी जे बोलले जाते त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही आणि त्यावरून कोणाचे काही अडतही नाही. तरीही माणसाच्या आयुष्याचा फार मोठा भाग अशा बोलण्यातच व्यक्त होत असतो.

गप्पांना सगळ्याच भाषांनी मानाचे स्थान दिलेले नसले, तरी सगळ्यांनी नाव मात्र दिले आहे. मालवणी मुलखात तिला ‘गजाल’ म्हणतात. आपले कन्नडभाषक शेजारी तिला ‘हरटे’ म्हणतात. आणि मौज अशी की, खेळकर, आत्मपर निबंधालाही कन्नड साहित्यात हेच नाव आहे. मराठीत हाच निबंधप्रकार रूढ करताना ना. सी. फडके यांनी आपल्या लघुनिबंधांना ‘गुजगोष्टी’ म्हटले. एकमेकांना लागून असलेल्या दोन भाषांनी एका वाङ्मयप्रकाराचे नाव गप्पांवरूनच घ्यावे, यात केवळ योगायोग नाही. चांगल्या गद्याचे मूळ चांगल्या बोलण्यात असते, याची ती दोन्हीकडची कबुली आहे.

मराठी गद्याचा आरंभच मुळी अशा बोलण्यातून झालेला आहे. शके १२०० च्या सुमारास म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मराठीतील या आद्य गद्यचरित्रग्रंथात काय आहे? श्रीचक्रधरस्वामी कोणत्या गावी उतरले, कोठे जेवले, वाटेत कोण भेटले, कोणी कोणता प्रश्न विचारला, त्यावर स्वामी काय म्हणाले, अशा लहानलहान प्रसंगांची ती मालिका आहे. ज्यांनी ते प्रसंग पाहिले होते त्यांना गाठून, त्यांच्या तोंडून ऐकून म्हाइंभटांनी हे प्रसंग गोळा केले. एकाची आठवण दुसऱ्याहून निराळी पडली, तर त्या निराळेपणाचीही नोंद ठेवण्याची वृत्ती त्या परंपरेत दिसते. आज ज्याला मौखिक इतिहास म्हणतात, त्याची शिस्त सातशे वर्षांपूर्वी ऋद्धपूरच्या परिसरात अशी पाळली जात होती. महानुभाव परंपरेतील आणखी एक आठवण बोलकी आहे. संस्कृतात ग्रंथरचना केली तर आपल्या म्हाताऱ्या शिष्यिणी तिला मुकतील, असे नागदेवाचार्यांनी सांगितले होते. ज्यांच्या बोलण्यातून ग्रंथ उभा राहिला, त्यांनाच तो कळू नये हे त्यांना मान्य नव्हते.

पुढील काळातही हेच घडलेले दिसते. १८५७ च्या उठावात वरसईचे एक भिक्षुक, विष्णुभट गोडसे, उत्तरेत अडकून पडले आणि झाशीचा पाडाव त्यांनी प्रत्यक्ष पाहिला. चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी तो सारा वृत्तांत लिहून काढला आणि १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने तो प्रसिद्ध झाला. तो आग्रह झाला नसता, तर ती हकिगत घरातल्या घरात चार वेळा सांगितली जाऊन विरून गेली असती. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून ग्रंथरूपाने येऊ लागली. त्यांत स्वयंपाकघर आहे, सोवळेओवळे आहे, नवऱ्याशी झालेले रुसवे आहेत. एकेक प्रसंग सुटा घेतला तर किरकोळच. पण एका युगातील स्त्रीचे जिणे त्यातून जसे कळते, तसे एखाद्या जाडजूड अहवालातून कळत नाही.

आता आपल्या गावाकडे वळू. बेळगावच्या इतिहासातील ठळक घटना आपणांस पाठ आहेत. १९१६ च्या एप्रिल महिन्यात लोकमान्यांची होमरूल लीग येथे स्थापन झाली. १९२४ च्या डिसेंबरात येथेच काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले ते एकमेव अधिवेशन ठरले. अधिवेशनाची नगरी विजयनगर या नावाने उभारली गेली. पाण्यासाठी खोदलेली काँग्रेस विहीर आजही त्याची साक्ष देत उभी आहे. अधिवेशनातील ठराव आणि भाषणे छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. परंतु या अधिवेशनात गांधीजींपुढे गाणाऱ्या अकरा वर्षांच्या एका मुलीच्या मनात त्या दिवशी काय होते, हे कोणत्याही ठरावात सापडणार नाही. ती मुलगी म्हणजे पुढे विख्यात झालेल्या गंगूबाई हनगल. गाण्यापेक्षाही आपल्याला धास्ती वाटत होती ती जेवणानंतर उष्टी काढायला सांगतील की काय याची, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत सांगितले. अस्पृश्यतानिवारणाचा पुकारा ज्या मंडपात होत होता, त्याच मंडपातील एका बालमनातली ही भीती आहे. ही आठवण सांगायला दोन मिनिटेही लागत नाहीत. पण ती ऐकल्यावर त्या अधिवेशनाचे आपल्या मनातील चित्र पूर्वीसारखे राहत नाही.

या भागातील लेखकांनी शिळोप्याच्या गप्पांचे सोने कसे केले, हे आपण जाणताच. पु. ल. देशपांडे यांनी काही काळ येथील राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात अध्यापन केले. त्यांचे ‘रावसाहेब’ ज्याने वाचले आहेत, त्याला बेळगावच्या मैफली आणि तेथील कानडी वळणाची मराठी निराळी समजावून सांगावी लागत नाही. प्रकाश नारायण संत यांच्या लंपनच्या कथांत शाळा, रस्ते, आजी, मित्र एवढेच जग आहे आणि ते कोणाही वाचकाला पुरून उरते. जी. ए. कुलकर्णी यांनी आपल्या एका पुस्तकाला ‘माणसे : अरभाट आणि चिल्लर’ असे नाव दिले. ‘चिल्लर’ हा शब्द मला फार अर्थपूर्ण वाटतो. मोठी नोट तिजोरीत जपून ठेवली जाते. रोजचा व्यवहार चिल्लरीवरच चालतो. आठवणींचेही तसेच आहे.

येथे कोणी विचारील की, गप्पांत सत्य किती आणि तिखटमीठ किती? शंका रास्त आहे. म्हणून गप्पांतील मजकुराचे प्रकार ओळखता आले पाहिजेत. पहिला प्रकार प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टीचा. दुसरा ऐकीव गोष्टीचा. येथे सांगणारा स्वतः साक्षीदार नसतो, तो निरोप्या असतो. तिसरा दंतकथेचा. आपल्या कुंद्याचेच उदाहरण घ्या. चुलीवर दूध राहून गेले, ते आटत गेले आणि त्यातून हा पदार्थ जन्माला आला, अशी गोष्ट सांगितली जाते. ती पुरावा म्हणून घ्यायची नसते, पण या पदार्थाविषयी गावाला वाटणारे कौतुक तीतून समजते. चौथा प्रकार निंदेचा व चहाडीचा. तो गप्पांत नेहमीच शिरतो. मात्र संग्रहात त्याला जागा नाही. दुसऱ्याच्या घरातील दुःख वा लाज हे आपल्या करमणुकीचे साधन नव्हे.

सत्यासत्य ताडून पाहण्याची साधनेही गप्पांतच असतात. जुनी माणसे इसवी सन सांगत नाहीत. ‘प्लेगाच्या वर्षी’, ‘काँग्रेस भरली त्याच्या आदल्या पावसाळ्यात’, ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा धाकटा रांगत होता’, अशी त्यांची कालगणना असते. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे झाला, हे आपल्याला ठाऊक असले की धाकट्याचे जन्मवर्ष आणि त्यासोबत घरातील दहा घटनांची वर्षे उलगडत जातात. सांगणाऱ्याने काळाची खूण दिलेली असते. ती वाचण्याचे काम आपले आहे.

बंधुभगिनींनो, आता मुख्य मुद्द्याकडे येतो. १९२४ च्या अधिवेशनात दहा वर्षांचे असलेले मूल आज एकशे दहा वर्षांच्या पुढे गेले असते. म्हणजे त्या अधिवेशनाला जाणतेपणी पाहिलेल्या साक्षीदारांची पिढी आपल्यातून गेलेली आहे. जे लिहिले गेले तेवढेच उरले. यानंतरची पाळी १९५६ ची आहे. त्या वर्षी १ नोव्हेंबर रोजी राज्यपुनर्रचना झाली. चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. या प्रश्नाचे कागदपत्र विपुल आहेत. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल आहे, महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात २००४ साली दाखल केलेला दावा आहे. पण त्या नोव्हेंबरनंतर घरात काय बदलले? शाळेतील पाटीवरची अक्षरे कधी बदलली? टपालावर पत्ता कसा लिहिला जाऊ लागला? कानडी शेजारीण आणि मराठी शेजारीण एकमेकींशी कोणत्या भाषेत बोलत राहिल्या, आणि भांडत कोणत्या भाषेत? याची उत्तरे ज्यांच्यापाशी आहेत, ती त्या वेळची दहा वर्षांची मुले आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यापैकी पुष्कळजण याच वस्तीत, एखाद्या गेटाच्या अलीकडे वा पलीकडे, दुपारी दाराशी खुर्ची टाकून बसलेले आपल्याला दिसतात.

निपाणीकडे पाहा. तंबाखूच्या वखारीत दिवसभर बसून काम करणाऱ्या स्त्रियांनी आपसांत जे बोलून घेतले असेल, तो त्या व्यापाराचा अलिखित भाग आहे. बाजारभाव व्यापाऱ्याच्या वहीत सापडतील; तंबाखूच्या खकाण्यात तान्हे मूल कोठे निजवत होत्या, हे त्यांनाच विचारावे लागेल. त्याच निपाणीलगतचे देवचंद महाविद्यालय महाराष्ट्राच्या हद्दीत अर्जुननगर येथे आहे आणि निपाणी शहर कर्नाटकात आहे. रोज वर्गात जाताना राज्याची सीमा ओलांडणाऱ्या मुलांना ती सीमा कशी दिसत होती, हे कोणत्या नकाशावर समजणार?

म्हणून ग्रंथालयांना माझी विनंती आहे की, हे काम त्यांनी आपले मानावे. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाची परंपरा १८४८ पासूनची आहे. छापलेले शब्द जपण्यात आपण मागे नाही. आता बोललेले शब्द जपू या. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. ध्वनिमुद्रणाची सोय आज प्रत्येकाच्या खिशातील दूरध्वनीत आहे. लागते ती थोडी शिस्त.

पहिली गोष्ट, प्रश्न लहान विचारावेत. ‘तुमच्या आयुष्याविषयी सांगा’ असे म्हटले की वृद्ध माणूस संकोचतो व ‘आमचं काय सांगण्यासारखं आहे’ असे म्हणून गप्प बसतो. ‘घरात विजेचा दिवा प्रथम लागला तेव्हा तुम्ही काय करत होता?’, ‘पगाराच्या दिवशी वडील घरी काय आणत?’, असे विचारावे. एका दिव्यावरून गोष्ट निघते आणि सारे घर उजळते. दुसरी गोष्ट, सांगणाऱ्याची भाषा सुधारू नये. या भागात स्त्रियाही ‘मी येतो’, ‘मी जातो’ असे बोलतात. वाक्याच्या शेवटी ‘की’ येतो. मधूनच कानडी शब्द डोकावतो. लिहून काढताना हे सारे तसेच ठेवावे, कारण ती भाषा हाही त्या आठवणीचा भाग आहे. तिसरी गोष्ट, सांगणाऱ्याचे जन्मवर्ष व राहण्याचे ठिकाण आणि मुद्रणाची तारीख नोंदवावी, आणि ते जतन करण्यास त्याची स्पष्ट संमती घ्यावी. एखादा भाग वगळण्यास त्याने सांगितले, तर तो निमूटपणे वगळावा. चौथी गोष्ट, शक्य तेथे तीच घटना दुसऱ्या साक्षीदाराला विचारावी. दोघांचे जमले नाही तर दोन्ही हकिगती ठेवाव्यात. निवाडा करण्याची घाई आपण करू नये. पाचवी गोष्ट, प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात आणि पुस्तकांप्रमाणेच त्यांची सूची करावी. ज्याची सूची नाही ते असून नसल्यासारखे असते, हे आपणांसारख्या कार्यकर्त्यांना मी सांगायला नको.

या कामात मराठी व कन्नड असा भेद असू नये, हे मुद्दाम सांगतो. ज्या गल्लीत दोन्ही भाषा बोलल्या गेल्या, त्या गल्लीच्या आठवणी एकाच भाषेत गोळा केल्या, तर त्या अर्ध्याच गोळा होतील.

याचा एक लाभ असा आहे की तो सूचीत दाखवता येत नाही. पुष्कळ वृद्धांना औषध वेळेवर मिळते, जेवण वेळेवर मिळते. परंतु त्यांचे बोलणे ऐकून घेणारा कोणी मिळत नाही. तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगू लागले की घरची माणसे उठून जातात. अशा माणसासमोर कोणी वही घेऊन बसले आणि ‘मग पुढे काय झाले?’ असे विचारले, तर आपले जगणे नोंद घेण्याजोगे होते, असे त्याला वाटते. एवढे समाधान देणे कोणत्याही ग्रंथालयाच्या उद्दिष्टांत बसते.

येत्या वर्षभरात आपल्यापैकी प्रत्येकाने अशा केवळ दोन वृद्धांचे बोलणे उतरवून घेतले, तरी या सभागृहातून एक मोठा ग्रंथ उभा राहील. त्याची सुरुवात आपापल्या घरातून व्हावी, एवढे सांगून मी माझे व्याख्यान पुरे करतो.