झाडावरचा कामगार आणि कंत्राटाचे अर्थशास्त्र

(मुंबईत पालिका कामगारांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

संयोजकांनी मला ‘कंत्राटी श्रम आणि नव्या कामगार संहिता’ असा भारदस्त विषय दिला होता. त्यावर कलमांची जंत्री वाचून दाखवणे मला जड गेले नसते. अध्यापनाच्या काळात तो उद्योग मी पुष्कळ केला आहे. परंतु कायद्याची कलमे ज्याच्या आयुष्यावर येऊन आदळतात असा एखादा माणूस डोळ्यांपुढे असल्याखेरीज त्या कलमांचा अर्थ लागत नाही, असे माझे मत झाले आहे. म्हणून आज मी एकाच धंद्याविषयी बोलणार आहे. पावसाळ्याच्या तोंडावर रस्त्याकडेच्या झाडांवर चढून फांद्या छाटणारा जो माणूस आपण दरवर्षी पाहतो आणि दरवर्षी विसरतो, त्याच्याविषयी.

सफाई कामगार आपण संघटित केले, गटारात उतरणाऱ्यांचा प्रश्न न्यायालयापर्यंत नेला गेला. झाडावर चढणारा मात्र आपल्या कोणत्याच यादीत नाही. मुंबईत २०१८ साली पुऱ्या झालेल्या वृक्षगणनेत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे मोजली गेली. त्यांपैकी रस्त्याच्या कडेला उभी असलेली सुमारे १ लाख ८५ हजार. बाकीची सोसायट्यांच्या आवारांत, सरकारी जागांत आणि उद्यानांत. एवढ्या झाडांची निगा राखणे हे एखाद्या शहराचे किरकोळ काम नव्हे. तरीही झाड मोजणाऱ्या व्यवस्थेने झाडावर चढणारा कधी मोजला आहे काय?

आता त्याचा दिवस पाहू. सकाळी टेम्पो येऊन उभा राहतो. टोळी पाच-सहा जणांची. एक-दोघे चढणारे, एक खाली दोर सांभाळणारा, दोघे पडलेल्या फांद्यांचे तुकडे करून टेम्पोत भरणारे, आणि उरलाच एखादा माणूस तर तो रहदारी अडवणारा. शिडी पहिल्या बेचक्यापर्यंत पोहोचते. तिथून पुढे हात आणि अनवाणी पाय. गुलमोहर हे मूळचे मादागास्करचे झाड दिसायला जितके देखणे, तितकेच ठिसूळ लाकडाचे; त्याची फांदी पाय ठेवल्यावर मोडते, आधी सूचना देत नाही. वर्षावृक्षाच्या फांद्या मजबूत, पण इतक्या लांब पसरतात की टोकाकडे सरकताना आधाराला काही उरत नाही. नारळाच्या सुकलेल्या झावळ्या काढायच्या तर मिठीत खोड धरून चढायचे आणि एका हाताने कोयता चालवायचा. शिवाय मुंगळे आहेत, सुरवंट आहेत, ढोलीत काय असेल याचा नेम नाही, आणि आग्या मोहोळ फांद्यांआड दडलेले असले तर खाली उडी मारण्याखेरीज मार्ग उरत नाही. जेथे उघड्या वीजतारा आहेत तेथे ॲल्युमिनियमची शिडी आणि ओली फांदी या दोन्ही मृत्यूच्या वाटा होतात. हायड्रॉलिक शिडीची गाडी मोठ्या रस्त्यावर येते. दुतर्फा मोटारी उभ्या असलेल्या गल्लीत ती वळतसुद्धा नाही. गल्लीतले झाड मग माणसानेच चढायचे.

हे अकुशल काम आहे असे हजेरीपत्रकात लिहिले जाते. वस्तुस्थिती काय आहे? जड फांदी वरून एका दमात कापली, तर निम्मी कापून होताच ती स्वतःच्या वजनाने मोडते आणि खोडाची साल खालपर्यंत सोलून नेते. म्हणून जाणता माणूस आधी खोडापासून हातभर अंतरावर फांदीच्या खालच्या अंगाला खाप देतो, नंतर त्याच्या थोडे पुढे वरून कापतो, आणि राहिलेला खुंट फांदीच्या बुडाशी जी फुगीर वळी असते तिच्या बाहेरून काढतो. ती वळी शाबूत राहिली तर झाड आपली जखम आपण भरून काढते. ती कापली गेली, किंवा झाडाचा शेंडाच उडवला, तर तेथे कूज धरते आणि कमकुवत धुमारे फुटतात; दोन-चार पावसाळ्यांनी तेच धुमारे कोणाच्या तरी डोक्यावर येतात. एकाच बाजूच्या फांद्या काढल्या तर झाडाचा तोल जातो. फांदी कोणत्या दिशेला झुकेल, दोराचा वेढा शेजारच्या कोणत्या खोडाला द्यायचा, किती ढील सोडायची, हे खालच्या आणि वरच्या माणसाने एकमेकांच्या हाकेवर ठरवायचे असते. माझ्या विषयातल्या अनेक पदवीधरांना याहून सोप्या निर्णयांसाठी समिती लागते!

साधनांकडे वळतो, कारण अर्थशास्त्र तेथेच सुरू होते. कोयता, कुऱ्हाड, करवत, आकडी लावलेला बांबू आणि दोर ही जुनी सामग्री. तिच्यात अलीकडे पेट्रोलवर चालणाऱ्या साखळी-करवतीची भर पडली. हे यंत्र चार-सहा किलो वजनाचे; त्याच्या पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की ते क्षणात चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. साखळीला गोल कानशीने वेळेवर धार लावली नाही तर माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की तोल जातो. या यंत्राबरोबर मांडीवर बांधायचे जाड कवच मिळते. त्यातल्या धाग्यांत साखळी गुंतून थांबते. डोळ्यांना जाळी, कानांना आच्छादन. करवत आली, कवच मागे दुकानात राहिले. डोक्याला शिरस्त्राण दिले तर ते इमारतीच्या कामावरचे, हनुवटीखाली पट्टा नसलेले. माणूस वाकला की तेच आधी खाली पडते.

सगळ्यांत महत्त्वाचा दोर. खरे पाहता दोन दोर हवेत: एक माणसाचा, एक फांदीचा. फांदी उतरवताना जो दोर खोडावर घासतो, ज्याच्यावर झटके बसतात, तो माणसाचा जीव तोलण्याच्या लायकीचा राहत नाही. बहुतेक टोळ्यांपाशी एकच दोर असतो, आणि तो फांदीच्या कामी येतो. चढणारा फांदीवर भरवसा ठेवतो.

हा निष्काळजीपणा आहे काय? मुकादमाला दोष देऊन आपण मोकळे होतो, पण मला ते उत्तर अपुरे वाटते. कंत्राट जेथे झाडांच्या संख्येवर ठरते तेथे हिशेब सरळ असतो. दुसरा दोर म्हणजे खर्च. तो बांधण्यात आणि बदलण्यात जाणारा वेळ म्हणजे दिवसाला एक-दोन झाडे कमी. रहदारी अडवणारा माणूस म्हणजे एक रोज जास्त. फांदीला तीन काप म्हणजे एका कापाच्या तिप्पट श्रम. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारायची, हा नियम एकदा मान्य केला की ज्या कंत्राटदाराने हे सारे खर्च धरले तो स्पर्धेतून बाद होतो आणि ज्याने ते चढणाऱ्याच्या अंगावर ढकलले तो टिकतो. येथे एक गोष्ट तुमच्या ध्यानात आणून द्यायची आहे. जो वेळ आणि जो दोर माणसाला वाचवतो, तोच वेळ आणि तोच दोर झाडालाही वाचवतो. घाईने कापलेले झाड आणि घाईने चढवलेला माणूस ही एकाच निविदेची दोन अपत्ये आहेत. पर्यावरणवादी मंडळी झाडासाठी फलक घेऊन उभी राहतात तेव्हा फांदीवर बसलेल्या माणसाला शत्रू मानतात, ही मला मोठी दुर्दैवाची गोष्ट वाटते. आपल्या कार्यकर्त्यांनी तरी ती चूक करू नये.

आता कायदा. महाराष्ट्रात १९७५ चा नागरी क्षेत्रांतील वृक्ष संरक्षण व जतन कायदा आहे. त्यात ‘झाड तोडणे’ याच्या व्याख्येत जाळणे, कापणे आणि झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हे सारे येते. झाडाबद्दल एवढी व्यापक व्याख्या! कामगारांच्या बाजूला १९२३ चा नुकसानभरपाई कायदा होता. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात ताडाची झाडे छेदणे आणि झाडे तोडणे ही कामे नमूद होती. छाटणीचा शब्द नव्हता. त्या कायद्याच्या हिशेबाने तिसाव्या वर्षी कामावर मृत्यू आला, तर महिन्याच्या वेतनाच्या निम्म्याला २०७.९८ ने गुणायचे. वेतनाची १५,००० रुपयांची मर्यादा धरली तर ही रक्कम साडेपंधरा लाखांच्या वर जाते. रक्कम तुटपुंजी आहे असे मी म्हणत नाही. ती मिळवण्यासाठी तो माणूस त्या दिवशी कोणाच्या कामावर होता हे सिद्ध करावे लागते, आणि त्याच्यापाशी हजेरीकार्ड नसते, वेतनपावती नसते, मुकादमाचा फोन त्या दिवसापासून बंद असतो.

१९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या दहाव्या कलमात काम बारमाही आहे काय, आस्थापनेला आवश्यक आहे काय, या कसोट्यांवर कंत्राटी पद्धत बंद करण्याची तरतूद होती. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात असे ठरवले की, पद्धत बंद झाली म्हणून कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही. तरीही चिकाटीने लढणाऱ्यांनी वाट काढली. मुंबईतील कचरा वाहतूक श्रमिक संघाने सुमारे २,७०० सफाई कामगारांना कायम करून घेणारा निवाडा मिळवला आणि २०१७ साली तो सर्वोच्च न्यायालयातही टिकला. हा इतिहास तुम्हाला माझ्याहून अधिक माहीत आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार संहिता अमलात आल्या आणि हे मैदानच बदलले. सुरक्षितता व आरोग्याच्या संहितेत आस्थापनेच्या ‘मुख्य कामा’त कंत्राटी कामगार नेमण्यास मनाई आहे, पण मुख्य काम कोणते नव्हे याची यादीही तेथेच आहे. सफाई त्या यादीत आहे. ‘बागकाम, हिरवळीची निगा आणि तत्सम कामे’ त्या यादीत आहेत. अधूनमधून उद्भवणारे कामही त्यात आहे. मूळ केंद्रीय कायदा २० कंत्राटी कामगारांपासून लागू होत असे, संहितेने तो आकडा ५० केला. सहा माणसांच्या टोळीचा लहान कंत्राटदार कोठे बसतो, हे मी सांगायला नको.

अधिकारी म्हणतील, छाटणी हे मे महिन्याचे हंगामी काम आहे. झाडे काय फक्त मे महिन्यात वाढतात? वाळलेल्या फांद्या जानेवारीतही पडतात. मे महिन्याची धावपळ हा अकरा महिन्यांच्या दुर्लक्षाचा परिणाम आहे. शिवाय यादीच्या तोंडाशी एक अट आहे: ती कामे मुख्य नव्हेत, ‘आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झालेली नसेल तर’. मित्रहो, १९७५ च्या कायद्याने प्रत्येक महापालिकेत वृक्ष प्राधिकरण स्थापले ते कशासाठी? झाडांच्या जतनासाठीच. मग त्या प्राधिकरणाच्या कामाला ‘तत्सम बागकाम’ म्हणता येणार नाही. हा युक्तिवाद न्यायालयात टिकेल की नाही हे वकिलांनी पाहावे. मी कायद्याचा माणूस नव्हे. पण तो कोणी तरी मांडला पाहिजे.

चढणाऱ्याला कुशल कारागीर मानणे आपल्या देशात अशक्य आहे असेही कोणी समजू नये. केरळात नारळ पाडायला माणसे मिळेनाशी झाली, तेव्हा २०११ साली नारळ विकास मंडळाने तरुण-तरुणींना प्रशिक्षण देण्याची योजना काढली. खोडाला तारदोराचे वेढे घालून पायरीपायरीने चढण्याचे यंत्र, जे तिकडच्याच एका शेतकऱ्याने घडवले होते, ते त्यांच्या हाती दिले आणि अपघाताचा विमा उतरवला. नारळाला बाजारभाव आहे म्हणून हे घडले. रस्त्यावरच्या सावलीला बाजारभाव नाही. तिथे भाव ठरवण्याचे काम राजकारणाने करायचे असते.

तेव्हा या उन्हाळ्यात काय करता येईल? प्रत्येक विभागाच्या छाटणीच्या कंत्राटाची प्रत माहितीच्या अधिकारात मागा. दोर, पट्टे, शिरस्त्राणे आणि विमा यांच्यासाठी त्यात किती रक्कम धरली आहे ते पाहा, आणि ती सामग्री टेम्पोत आहे काय हे रस्त्यावर जाऊन पाहा. सोसायट्यांच्या आवारातली कामे विसरू नका. तेथे तर कागदही नसतो. आणि टोळी दिसली की मुकादमाशी हुज्जत घालण्याआधी चढणाऱ्याशी चहा घेऊन बोला. त्याचे नाव, गाव, कंत्राटदाराचे नाव आणि कामाची तारीख वहीत लिहून ठेवा, टेम्पोचा क्रमांक टिपा. बहुधा तो त्या दिवशी कामावर होता याचा तेवढाच लेखी पुरावा असेल.